लिस्बनला जाऊन खिचडी

माझ्या मुलाची पक्की समजूत आहे की मला बाहेरचं खाणं सोसत नाही. ही समजूत त्याने कुठून पैदा केली, देव जाणे. मी तरी असं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

उलट, मला बाहेर खायला आवडायचं आणि आवडतं. पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर होते. सकाळची शिफ्ट संपली की आम्ही मैत्रिणी इराण्याकडे जाऊन बसायचो, ब्रून मस्का, ऑम्लेट आणि चहा. लग्नानंतर पगाराच्या संध्याकाळी हे आणि मी ठरवून घराबाहेर जेवायचो. एखादी नवी खानावळ निघाली असं कळलं की ह्यांना चैन पडायची नाही. आम्ही मासे खाणारे. बांगड्याचा काटा सोलून काढावा तर ह्यांनी. हे गेले आणि मी मुलाकडे सिंगापूरला राहायला आले, तेव्हा लोक म्हणाले, "तिकडे तुमचे खाण्याचे हाल होतील." कसले हाल आणि कसलं काय! आमच्या चोआ चू कांगच्या बिल्डिंगखालीच कॉफी शॉप आहे. मुलगा आणि सून ऑफिसला गेले, नात शाळेत गेली, की मी खाली उतरते. दुधाची कोपी, म्हणजे इथली कॉफी, नारळ आणि अंड्याचा 'काया' नावाचा गोड मुरंबा लावलेला टोस्ट, दोन अर्धवट उकडलेली अंडी. कधी माशाचं सूप. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक चिनी आजीबाई माझ्या टेबलाशी येऊन बसतात. त्यांना मराठी येत नाही, मला चिनी येत नाही, पण सूप गरम नसलं तर आम्ही दोघी एकदमच तोंड वाकडं करतो.

मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो रॅफल्स प्लेसला एका बँकेत कॉम्प्युटरच्या विभागात मोठ्या हुद्द्यावर आहे. सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. दिवसभर आई काय करते हे त्याने कधी विचारलं नाही, आणि मीही लपवलं नाही. विचारलंच नाही तर सांगायचं कोणाला?

माझी सत्तरी आली. त्या निमित्ताने त्याने चार मित्रमंडळी घरी बोलावली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आईच्या सत्तरीसाठी आम्ही सगळे लिस्बनला चाललोय. युरोपची सिटी ब्रेक. आईने आयुष्यभर आमच्यासाठी केलं, आता आमची पाळी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, "काकू, लकी आहात!" माझे डोळे भरून आले. मी खरोखर हुरळून गेले. दुसऱ्याच दिवशी बस इंटरचेंजजवळच्या मॉलमध्ये जाऊन चालायचे बूट घेतले. माझ्या पेन्शनमधले थोडे पैसे मनी चेंजरकडून बदलून पर्समध्ये ठेवले. स्वतःच्या पैशाने काहीतरी खावं, नातीला खाऊ घालावं, एवढाच विचार.

घरात रोज रात्री लिस्बनचीच चर्चा. मुलगा आणि सून टीव्हीवर व्हिडिओ लावून बसायचे. कुठे खायचं, कुठे प्यायचं, कुठल्या गच्चीवरून नदी बघत वाइन घ्यायची, कुठल्या शेफकडे दोन महिने आधी टेबल धरावं लागतं. मीही शेजारी बसून बघायचे. कोळशावर भाजलेली सार्डिन म्हणजे आपली तारलीच की. बघून तोंडाला पाणी सुटायचं. मी म्हणायचे, "हे खायचंच हं आपण." सून म्हणायची, "हो आई, हो." त्या 'हो'मध्ये मी धरलेली नव्हते, हे मला फार उशिरा समजलं.

निघायच्या आदल्या दिवशी सूनबाई माझ्या खोलीत आली. हातात छोटा इलेक्ट्रिक राइस कुकर. काखेत पिशवी, पिशवीत तांदूळ, मुगाची डाळ, कणीक, पोहे, मेतकूट, गोडा मसाला.

"आई, तुमच्या बॅगेत जागा आहे ना? आमच्या दोन्ही भरल्यात."

"हे कशाला गं?"

"तुम्हाला तिकडचं जमणार नाही म्हणून. आणि पिल्लूलाही रोज रोज बाहेरचं नको."

नात लहान आहे, प्रवासात एखाद्या वेळी लागेल, असं स्वतःलाच समजावलं. नवे बूट घालायचे म्हणून जागा केली होती, तिथे कुकर गेला आणि बूट मी पायात घालूनच निघाले.

लिस्बनमध्ये आमचं भाड्याचं घर एका चढावर, जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. खिडकीतून खालची गल्ली दिसायची, तिथे वाळत घातलेले कपडे आणि खालून येणारा तळलेल्या लसणीचा वास. पहिल्याच दिवशी दुपारी मुलगा म्हणाला, "आई, आज आमचं लंच बुक केलेलं आहे. तिथे लहान मुलं घेत नाहीत. आणि जेवण तीन तास चालतं, तू कंटाळशील. तुम्ही दोघी आराम करा. खिचडी टाकशील ना?"

मी खिचडी टाकली.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी फिरायला गेलो. सकाळी उठून मी पोळ्या आणि बटाट्याची भाजी केली होती, कारण सूनबाई म्हणाली होती, "डबा असला की बरं पडतं." दुपारी आम्हा दोघींना एका बाकावर बसवून ते दोघं समोरच्या दुकानात "फक्त पाच मिनिटं" म्हणून शिरले. दुकानाबाहेर रस्त्यावरच शेगडी होती. तारली भाजत होते. धूर सरळ माझ्या तोंडावर येत होता. आणि मी बाकावर बसून गार पोळीभाजी खात होते.

मुलगा तोंड पुसत बाहेर आला तेव्हा मी म्हटलं, "मलाही घे रे एक. चव तरी बघू दे."

"आई, काटे असतात गं त्यात. शिवाय तुला अ‍ॅसिडिटी होते."

"मला? मी आयुष्यभर..."

पण तो तोवर फोन काढून उभा राहिला होता. "आई, जरा नदीकडे तोंड कर. हसून."

मी हसले. हसले याचाच मला नंतर सर्वांत जास्त राग आला. संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर तो फोटो पडला. खाली लिहिलेलं, 'आईची सत्तरी, लिस्बन. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघा.' पुण्याहून माझ्या धाकट्या बहिणीने फुलं पाठवली, पुतण्यांनी हात जोडलेले पाठवले. कोणी लिहिलं, 'श्रावणबाळ!' श्रावणबाळ त्या वेळी गच्चीवरून नदी बघत वाइन घ्यायला गेला होता आणि मी नातीला पोहे करून देत होते. फोन बाजूला ठेवला आणि कांदा इतक्या जोरात चिरायला लागले की नात म्हणाली, "आजी, यू ओके?"

"ओके आहे," मी म्हटलं. ओके नव्हतेच. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्या परक्या स्वयंपाकघरात मला समजलं. काम करायला लागलं म्हणून नव्हे. घरीही मीच करते. नातीला सांभाळणं हे मला ओझं नाही, ती माझा जीव आहे. पण मला फसवून आणलं होतं. माझ्या सत्तरीचा झेंडा करून पुढे धरला होता, आणि त्या झेंड्यामागे माझ्याच हातात कुकर दिला होता.

तिसऱ्या दिवशी पुन्हा त्यांचं लंच. मुलगा निघताना म्हणाला, "ऊन आहे, बाहेर पडू नका. किल्ली टेबलावर ठेवलीय, लागली तर. खिचडी..."

"करते," मी म्हटलं.

दार बंद झालं. मी कुकरमध्ये तांदूळ काढले, धुतले, आणि हात थांबला. मग सगळं तसंच ठेवून नातीला म्हटलं, "बूट घाल."

"वेअर आर वी गोइंग?"

"जेवायला."

"पण बाबा म्हणाला..."

"बाबा जेवायला गेलाय. आपणही जेवायला जाऊ."

गल्लीच्या खालच्या तोंडाशी एक छोटीशी खानावळ होती. येता-जाता मी ती हेरून ठेवली होती. आत पाच-सहा टेबलं, त्यांवर कागद अंथरलेला, भिंतीवर टीव्ही, आणि सगळी माणसं तिथलीच, कामावरून जेवायला आलेली. दाराशी फळा, त्यावर खडूने लिहिलेलं. इंग्रजीचा मागमूस नव्हता. नात वाचायला लागली आणि एकदम ओरडली, "आजी, लुक! बटाटा!"

"काहीतरीच काय!"

"ट्रूली! बी, ए, टी, ए, टी, ए. बटाटा!"

मी चष्मा पुसून पाहिलं. खरंच बटाटा. खाली अननस. मग मला शाळेतल्या बाई आठवल्या. त्या सांगायच्या की पोर्तुगीजांनी हे शब्द आपल्याकडे आणून टाकले, बटाटा, अननस, काजू, पाव, चावी. तेव्हा ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आज तो फळा माझ्याशी मराठी बोलत होता.

आत गेलो. खानावळीची मालकीण माझ्याच वयाची, आखूड केस, कमरेला फडकं. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी म्हटलं, "पाव?"

ती म्हणाली, "पाउं!" आणि टोपलीभर पाव आणून ठेवला.

मी म्हटलं, "बटाटा."

तिने मान डोलावली. मला चेव आला. टेलिफोनवर आयुष्यभर न दिसणाऱ्या माणसांशी बोलले मी, हिच्याशी बोलायला काय झालं? हाताने मासा करून दाखवला, शेपटी हलवून दाखवली. ती खो खो हसत आत गेली आणि बर्फातला अख्खा मासाच हातात धरून बाहेर आली. चालेल का, असं भुवयांनी विचारलं. मी त्याचे डोळे पाहिले. ताजा होता. "चालेल," मी चक्क मराठीत म्हटलं.

"सेम-सेम लाह, आजी!" नात टाळ्या पिटत तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "शी स्पीक्स मराठी!"

मासा कोळशावर भाजून आला, वर मीठ आणि तेल एवढंच, सोबत उकडलेले बटाटे. नातीला मी काटे काढून दिले, जसे हे मला काढून द्यायचे. जी मुलगी घरी माशाच्या वासाने नाक मुरडते, तिने बोटं चाटली. शेवटी अननसाच्या चकत्या. मग मी मालकिणीला म्हटलं, "चहा?" ती म्हणाली, "शा!" आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो, कारण एवढं तर कुठेही कळलं असतं. चहा आला. त्याबरोबर तिने बोटभर उंचीच्या पेल्यात काहीतरी लालभडक आणून ठेवलं, तिच्याकडून. आंबट चेरीची दारू. दारू आहे हे वासावरूनच कळलं.

नातीने डोळे मोठे केले. "आजी, आर यू अलाउड?"

"मला अलाउड करणारा इथे कोण आहे?" मी म्हटलं आणि घोट घेतला. गोड, आंबट, छातीत ऊब. हे असते तर दुसरा पेला मागवला असता.

नेमका त्याच वेळी मुलगा दारात आला. मागे सून, धापा टाकत. त्यांचं जेवण लवकर आटोपलं होतं म्हणे. घर बंद दिसलं, फोन उचलला जात नव्हता, कारण माझा फोन पर्समध्ये आणि पर्स खुर्चीखाली. घाबरले असणार, यात शंका नाही. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता. आम्हाला पाहिलं आणि तो लाल झाला.

"आई! तुला काही समजतं का? परकं शहर, भाषा येत नाही, लहान मुलीला घेऊन सरळ निघून आलीस?"

"घरापासून दहा पावलांवर आहे."

"फोन का नाही उचललास?"

"ऐकू आला नाही. ते चुकलं माझं."

मग त्याची नजर पेल्यावर गेली. "आणि ही दारू? तू दारू पितेस, हिच्यासमोर?"

सगळी खानावळ आमच्याकडे बघत होती. शब्द कोणालाच कळत नव्हते, पण म्हाताऱ्या आईवर ओरडणारा मुलगा कुठल्याही भाषेत कळतो. मालकीण फडक्याला हात पुसत पुढे येऊन उभी राहिली. मी तिला हातानेच थांबवलं. माझं भांडण मलाच भांडायचं होतं.

"तू काल गच्चीवर काय प्यायलास? ताक?"

"आई, तो विषय वेगळा..."

"विषय एकच आहे. सत्तरी कोणाची आहे? तुझी की माझी? तीन दिवसांत या गावातला एक घास तू मला दिलास का? तारली मागितली तर म्हणतोस काटे. अरे, तुझ्या तोंडात पहिला मासा घातला तो मी. काटे काढून."

बोलली ती सून. हळू आवाजात, पण बोलली. "आई, आम्ही दोघं वर्षभर राबतो. आम्हाला दोघांना असे चार-पाच दिवस मिळतात फक्त."

"मग तसं सांगायचं होतं," मी म्हटलं. "म्हणायचं, आई, आम्हाला दोघांना फिरायचंय, जेवायचंय, तू पोरीला सांभाळायला चल. मी आले असते गं. आनंदाने आले असते. पण तुम्ही लोकांसमोर टाळ्या घेतल्यात. माझ्या नावाने. माझा फोटो लावून."

तिने मान खाली घातली. मुलगा म्हणाला, "आई, घरी चल. तमाशा नको."

"चहा संपवून येते," मी म्हटलं. आणि संपवला. अगदी शेवटच्या घोटापर्यंत. माझ्या पैशाने बिल दिलं. निघताना मालकिणीने माझे दोन्ही गाल हातात धरले. मला रडू आलं, पण मुलासमोर ते मी दाबून धरलं.

उरलेल्या दिवसांत मी नातीला घेऊन त्याच खानावळीत जेवले. सुनेने एकदा विचारलं, "आम्हीही येऊ का?" मी म्हटलं, "तुमची बुकिंगं आहेत ना?" ते टोचायलाच म्हटलं होतं, आणि टोचलं. निघायच्या दिवशी तो कुकर मी घासून-पुसून तिथल्या ओट्यावरच सोडला आणि बॅगेत नवे बूट भरले.

सिंगापूरला परतल्यावर वाटलं होतं, आता हे मागे पडेल. राग माझ्याजवळ होता, पण घर म्हणजे घर. नातीची शाळा, डबे, धुणं. मी पूर्वीसारखं करत राहिले. मुलगा काही बोलला नाही आणि मीही विषय काढला नाही.

मग एका रविवारी त्याने पुन्हा मंडळी बोलावली. इथल्याच वुडलँड्सहून दोन जोडपी आली. एक मुलगी नवी होती, पुण्याचीच, इथल्या विद्यापीठात संशोधन करणारी. तिला कॉन्फरन्ससाठी लिस्बनला जायचं होतं. तिने मुलाला विचारलं, "दादा, मला सांगा ना, कुठे खायचं, कुठे प्यायचं?"

मुलाला हेच हवं होतं. फोनमधले फोटो काढून तो सुरू झाला. अमुक शेफ, तमुक गच्ची, कुठली वाइन, टेबल कधी धरायचं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी पापड तळून घेऊन उभी होते. तेवढ्यात त्या मुलीने मला विचारलं, "काकू, आणि तुम्हाला काय आवडलं तिकडचं?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगा हसत म्हणाला, "आईला कुठेही न्या, आई ती आईच. लिस्बनला जाऊनसुद्धा खिचडीच लागते तिला!"

सगळे हसले. प्रेमाने हसले, दुष्टपणे नाही. सून मात्र हसली नाही, हे मी पाहिलं.

पापडाची परात मी टेबलावर ठेवली. आदळली म्हणा. "मला खिचडी लागत नव्हती," मी म्हटलं. "मला खिचडी करायला लावली होती. कुकर माझ्या बॅगेत घातला होता. हे दोघं जेवायला जायचे आणि मी घरी नातीला सांभाळायचे. तो ग्रुपवरचा फोटो बघितलात ना? त्याच्या आधी पाच मिनिटं मी बाकावर बसून गार पोळी खात होते आणि हा समोर तारली खात होता."

एका मित्राने उगाच ग्लास उचलला आणि तो रिकामाच होता.

मी त्या मुलीकडे वळले. "तुला सांगते बाळ, कुठे जायचं ते. जिथे पाटी इंग्रजीत आहे तिथे जाऊ नकोस. टेबलावर कागद अंथरलेला असेल आणि तिथली माणसं कामाच्या कपड्यांत जेवत असतील, तिथे शिर. मासा शिजवायच्या आधी दाखवायला सांग. पाव, बटाटा, चहा, हे तुझं तुला मागता येईल, मराठीतच. आणि शेवटी लाल चेरीची दारू देतात, ती घे. छान लागते."

ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "काकू, त्या गल्लीचं नाव सांगाल?" नाव मला ठाऊक नव्हतं. गल्लीचं वर्णन मी करून सांगितलं. मंडळी त्या दिवशी लवकर उठली.

सगळे गेल्यावर मुलगा स्वयंपाकघरात आला. "आई, तू चार लोकांत माझी अब्रू काढलीस."

"तू चार लोकांत माझ्याबद्दल खोटं बोललास."

"गंमत होती ती."

"तुझी."

"तू कधी सांगितलंच नाहीस तुला काय हवं ते!"

"सांगितलं. 'मलाही घे रे' म्हणाले होते. मराठीत म्हणाले होते. त्या खानावळवाल्या बाईला माझं काहीही कळत नव्हतं, तरी तिला कळलं. तुला नाही कळलं."

तो आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. मीही तेवढंच. एका सकाळी मी नेहमीप्रमाणे खाली कॉफी शॉपमध्ये बसले होते, तर समोर सून येऊन उभी. घरून काम करत होती त्या दिवशी. माझ्यापुढचा टोस्ट, अंडी, शेजारच्या चिनी आजीबाई, सगळं पाहून ती थक्क झाली.

"आई, तुम्ही रोज येता इथे?"

"तुम्ही मला इथे आणलंत तेव्हापासून."

ती बसली. स्वतःसाठी कोपी आणली. बराच वेळ ढवळत राहिली. मग म्हणाली, "मला खरंच फक्त आम्ही दोघंच हवे होतो, आई. पण सरळ सांगायची लाज वाटली. सासूला पोरगी सांभाळायला युरोपात नेते, असं लोक म्हणतील म्हणून. सत्तरीची कल्पना माझी होती."

ते ऐकून मी चिडायला हवं होतं. पण खरं बोलणाऱ्या माणसावर मला चिडता येत नाही. मी माझ्या ताटलीतला टोस्ट तिच्यापुढे सरकवला. "पुढच्या वेळी सरळ सांग," मी म्हटलं. "मी यायचं की नाही ते मी ठरवीन." त्या सकाळपासून घरातला स्वयंपाक आम्ही वाटून घेतला. आठवड्यातले काही दिवस तिचे, काही माझे, आणि शनिवारी कोणीच करायचा नाही.

मुलाला मात्र वेळ लागला. परवा त्याने मला ऑफिसजवळ जेवायला बोलावलं. MRTने, म्हणजे इथल्या मेट्रोने, मी एकटी रॅफल्स प्लेसला गेले. काचेच्या उंच इमारती, गळ्यात ओळखपत्रं अडकवून भराभर चालणारी माणसं, आणि त्यांच्यात माझा मुलगा, शर्टाची बाही सरळ करत वाट बघत उभा. क्षणभर मला तो शाळेच्या फाटकाशी उभा असल्यासारखा वाटला. पण मी मनाला आवरलं. एवढ्यात विरघळायचं नाही.

भारी हॉटेल होतं. वेटर आला, तसा मुलगा मेनू न उघडताच म्हणाला, "आईला जरा सौम्य काहीतरी, तिला..."

आणि थांबला. स्वतःच थांबला. कान लाल झाले त्याचे. मेनू माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तू सांग."

मी सावकाश वाचला, पहिल्या पानापासून. वेटर एकदा येऊन गेला, दोनदा येऊन गेला. मुलाचा लंच अवर संपत आला होता, तरी तो घड्याळाकडे बघत नव्हता. मी खेकडा मागवला, तिखटातला, हाताने फोडून खायचा. दोन्ही हात कोपरापर्यंत बरबटले माझे. तो बघत बसला. अर्ध्यावर त्याने विचारलं, "आई, राग गेला का?"

"नाही," मी म्हटलं आणि नांगी फोडली. "अजून आहे. तू खा."

त्याने बाह्या वर सारल्या आणि माझ्या ताटातली दुसरी नांगी उचलली.